गेटसमोरची वाळू

खिडकीच्या फटीतून धुळीचा कोरडा वास आला की मला दुबईजवळच्या फुजैऱ्यातलं आमचं पहिलं घर आठवतं. पहिलं बाळंतपण माहेरी, असं दोन्ही घरांत ठरलेलं, म्हणून बायकोला रत्नागिरीला न्यायचं होतं. दुपारी दुबईहून विमान होतं आणि दिवस इतके भरत आले होते की ते चुकलं असतं तर पुढे कुठल्याच एअरलाइनने तिला बसू दिलं नसतं. पण रात्रभर वारा घोंघावला आणि सकाळी पाहतो तर गेटपासून रस्त्यापर्यंत वाळूच वाळू, गाडीची चाकं दिसेनात. शेजारच्या खजुराच्या बागेतून मी छोटा ट्रॅक्टर बोलावला. पठाण ड्रायव्हर पुढच्या बकेटने वाळू लोटायचा आणि तो वळेपर्यंत वारा निम्मी परत आणून टाकायचा. डिझेलच्या धुराने डोळे चुरचुरत होते. "भाई, यल्ला, फ्लाइट है," मी सारखा म्हणत होतो, तो शांतपणे "इन्शाल्ला" म्हणत होता. सासूबाईंचा फोन वाजतच होता. शेवटी वाट मोकळी झाली. बॅगा डिकीत टाकून मी हाक मारली, तर बायको दाराची चौकट घट्ट धरून उभी. "अहो, एअरपोर्ट राहू दे," ती म्हणाली, "आधी हॉस्पिटलला चला." त्या दिवशी जन्मलेली मुलगी आज माझ्याहून उंच झालीय. वारा सुटला की मी किल्ली घेऊन उठतो, तेव्हा ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणते, "अब्बा, इट्स जस्ट सँड." मी बाहेर जाऊन गाडी डांबरी रस्त्यावर लावतो, तोंड हॉस्पिटलच्या दिशेला करून.