पासचे उरलेले बारा दिवस

मघाशी गॅसवर भरिताचं वांगं ठेवलं, साल करपल्याचा वास सुटला आणि धुळ्याजवळच्या आमच्या घराचं अंगण समोर आलं.

मी नववीत होते. माझे वडील, आबा, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होते. शाळेच्या एसटीत टवाळ पोरांनी गावातल्या एका मुलीची ओढणी ओढली होती. त्यावर गावाने उपाय काढला, मुलींचं बसने शाळेला जाणं बंद!

"पण आबा, मी काय केलं?"

"तुनं काही चुकनं नही, बेटा. पन लोके काय म्हनतीन?" वांगं उलटत आबा म्हणाले.

माझ्या एसटीच्या पासचे बारा दिवस बाकी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने उरलेल्या भरिताचा डबा माझ्या भावाला दिला. तो त्याच बसने, त्याच पोरांबरोबर शाळेत गेला.

तेव्हा मला ती आबांची काळजी वाटली होती. आज तळपायाची आग मस्तकात जाते.

वांगं उलटतेय तोच भावाचा फोन. त्याच्या मुलीचं बसने कॉलेजला जाणं त्याने बंद केलंय. "बस स्टँडवर पोरं त्रास देतात. ताई, तू समजाव तिला."

मी म्हटलं, "त्या मुलीची ओढणी ओढली तेव्हा एसटीत तू होतास ना? चूक कुणाची होती, ते तूच सांग तिला."