आवाज न करणारी मशीन

आमच्या शेडमध्ये महिन्याला किती मशिनी तयार होतात, ते मी रजिस्टर बघून सांगते. किश्शांचं रजिस्टर नाही. जेवणाच्या सुट्टीत एक सांगायला घ्यावा, तर तो संपेपर्यंत दुसरा घडलेला असतो.

शेड वाळूजला. आम्ही कडबा कुट्टी मशीन बनवतो, म्हणजे ज्वारीचा कडबा बारीक करून जनावरांपुढं टाकायचं यंत्र. मालक अण्णा, मूळचे शेतकरी. मी ऑफिस सांभाळते, मला सगळे जोशीबाई म्हणतात. बाजारात मोठ्या कंपन्यांच्या चकचकीत मशिनी आल्या आणि आमचा खप बसला. तेव्हा अण्णांची लेक शीतल पुण्याहून एमबीए करून आली आणि म्हणाली, "अण्णा, इनोव्हेशन पाहिजे. ब्रँड पाहिजे."

अण्णा म्हणाले, "पोळ्यापर्यंत तुला काय करायचं ते कर. नाय जमलं तर शेड गोदामाला देऊन टाकतो."

आम्ही अकरा माणसं. मी तर हादरलेच. पन्नाशीच्या बाईला दुसरीकडं कोण ठेवून घेणार?

*

शीतलनं पहिल्यांदा काढली ती सूचनापेटी. "बाहेरून कशाला आणायची? आपण स्वतः बनवू, आपली क्षमता दिसू दे." आमचे जुने वेल्डर सलीमभाई दोन दिवस खपले. जाड पत्रा, घासलेले कोपरे, निळा रंग, पितळी कुलूप. नारळ फोडून पेटी भिंतीवर चढली.

पंधरा दिवसांनी सगळ्यांना जमवून शीतलनं कुलूप काढलं. आत काहीच नाही. पोरगी हिरमुसली. मी जवळ जाऊन बघितलं, तर पेटीला चिठ्ठी टाकायला फटच नव्हती.

"सलीमभाई, फट कुठंय?"

"ड्रॉइंग में नहीं थी, बाई."

ड्रॉइंग शीतलचं होतं. पण पंधरा दिवसांत एकानंही ती फट शोधली नव्हती, याचंच मला जास्त वाईट वाटलं. आणि त्यात मीही आलेच की.

*

मग शीतल म्हणाली, "सगळं ज्ञान सलीमभाईंच्या डोक्यात आहे. उद्या ते आजारी पडले तर? लिहून काढा." मी वही घेऊन त्यांच्यापुढं बसले.

"पातं बसवल्यावर काय करता?"

"नट कसता."

"किती कसायचा?"

"जितना लगता उतना."

"थांबायचं कधी?"

"जब दिल को तसल्ली हो जाए."

मी शब्दाला शब्द टाइप केलं, लॅमिनेट केलं आणि भिंतीवर लावलं. आठवड्यानं बघते तर सलीमभाई चष्मा लावून त्या कागदापुढं उभे. मान डोलावत म्हणाले, "बाई, जिसने भी लिखा, काम समझता है."

*

ब्रँडिंगसाठी गुलमंडीच्या बाजारातून टी-शर्ट आले. केशरी, पाठीवर कंपनीचं नाव आणि ऑफिसचा नंबर. सोमवारपासून घालायचेच, असा हुकूम निघाला. सोमवारी बघते तर सगळे जुन्याच कपड्यांत. फिटर बबन म्हणाला, "नवं कोरं कापड गिरीसात घालायचं व्हय?"

महिन्याभरात बबनच्या भावाचं लग्न निघालं, बजाजनगरात. वरातीत आमची सगळी गडी मंडळी केशरी टी-शर्टात नाचली. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो लई फिरला. दोन दिवसांनी ऑफिसचा फोन वाजायला लागला. मला वाटलं, आली ऑर्डर.

"हॅलो, ते नाचणारे तुमचेच ना? आमच्याकडं बी लग्न हाय. किती घेता?"

त्या आठवड्यात असे चार फोन आले. कुट्टी मशीनचा एकही नाही. अण्णांना सांगितलं तर त्यांनी हिशेबाची वही पुढं ओढली. मग हळूच म्हणाले, "किती सांगितले मग?"

*

पोळा जवळ आला तशी शीतलची नवी मशीन तयार झाली. गिअर झाकलेले, खाली रबर, चालू आहे हे हात लावल्याशिवाय कळायचं नाही. पाचोडचे डीलर दिगंबरकाका म्हणाले, "माझ्या गोठ्यात ठेवा. आठ दिवस चालवतो, मग ऑर्डरचं सांगतो." त्यांच्या एका शब्दावर आमची शेड उभी होती. आठव्या दिवशी अण्णा, शीतल आणि मी पाचोडला गेलो. मी वाटभर देवाचं नाव घेत होते.

काका म्हणाले, "मशीन लई गुणाची. जरा बी आवाज नाय."

शीतलचा चेहरा फुलला.

"पण म्हशी धार देईनात."

काकांनी मशीन चालू केली. पुढ्यात कुट्टी पडत होती आणि चारही म्हशी भिंतीकडं तोंड करून रवंथ करत बसल्या होत्या. काकांनी कुंपणापलीकडं भावाला हाक मारली; आठ दिवसांपूर्वीपर्यंत म्हशींची कुट्टी त्याच्या मशीनवर व्हायची. तिकडं खडखड, धडधड, कानठळ्या बसवणारा आवाज सुरू झाला. चारही म्हशी ताडकन उठल्या. एकीनं तर दावं ताणून रेकायला सुरुवात केली, आणि तिच्या कासेतून दूध गळायला लागलं.

आम्ही पलीकडं जाऊन बघितलं. मशीन आमचीच होती, अण्णांनी सुरुवातीच्या काळात विकलेली. रंग उडालेला, झाकण तारेनं बांधलेलं.

"असल्या वीस पाठवा," काका म्हणाले. "पोळ्याच्या आत."

अण्णा खाली बघत मिशीतल्या मिशीत हसत होते. मला रडू आलं, लपवलंही नाही. शीतलनं मात्र वही काढली आणि पेन उघडलं.

"काका, आवाज नेमका किती ठेवायचा?"

काकांनी बादली उचलली, म्हशीच्या कासेखाली धरली आणि म्हणाले, "तिला इचारा."