कांद्याच्या मुळाचं टोक

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात मी जर्नलमध्ये चार खोटी चित्रं काढली. पेशीविभाजनाच्या चार अवस्थांची. चित्रं सुंदर होती. मॅडमनी त्यांखाली सही केली होती आणि शेजारी ‘नीटनेटके’ असा शेराही दिला होता. खोटं एवढंच की त्या चारांपैकी एकही अवस्था मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलेली नव्हती.

मी धुळ्याची, कॉलेज जळगावला. शाळा इंग्रजी माध्यमाची होती, त्यामुळे ‘मेटाफेज’, ‘क्रोमोसोम’ हे शब्द मला सोपे जात. अवघड जायचं ते ‘जरा सरका ना, मला बघू द्या’ एवढं म्हणणं. एका सूक्ष्मदर्शकावर आम्ही पाच जणी असायचो. मी मागे उभी राहायचे. बाकीच्यांना तो गर्व वाटायचा. एकदा एक जण म्हणाली, “तिला कशाला बोलावतेस? बाईसाहेबांना फक्त इंग्लिशमधलं दिसतं.” सगळ्या हसल्या, मीही हसले. माझी पाळी यायची तेव्हा तास संपत आलेला असायचा, आणि माझ्या काचपट्टीवर विटांच्या भिंतीसारख्या लांबट पेशी असायच्या. प्रत्येकीत एक शांत ठिपका. विभाजन कुठेच नाही. मग मी वसतिगृहावर जाऊन पुस्तक उघडायचे.

प्रात्यक्षिक परीक्षेला तीन आठवडे उरले, तेव्हा कळलं की बाहेरून येणारे परीक्षक स्वतः डोळा लावून बघतात. नुसत्या चित्राला गुण नसतात. काचपट्टीत विभागणारी पेशी दाखवता आली नाही, तर माझ्या जर्नलमधली चित्रं खोटी आहेत, हे त्यांना न विचारताच कळणार होतं. आणि प्रात्यक्षिकात नापास म्हणजे वर्ष गेलं. ते घरी कसं सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवत होते.

हे सगळं ओळखलं ते आमच्या प्रयोगशाळेतल्या अक्कांनी. त्या परिचर होत्या. साक्रीकडच्या, बोलणं पूर्ण अहिराणी. कांदे बाटल्यांच्या तोंडावर बसवून त्यांना मुळं फुटवणं, ती सकाळीच तोडून औषधात बुडवून ठेवणं, आमच्या काचा धुणं, ही त्यांची कामं. एका दुपारी सगळ्या गेल्यावर मी एकटीच काचपट्टी बनवत होते. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

“दखायनं का काही?”

मी मान हलवली. काहीच दिसलं नव्हतं.

“मंग वहीमा चित्रं काढेल शेतस ना? चांगला शेतस. बठ्ठा पुस्तकमाधला शेतस.”

सगळी पुस्तकातली! माझे कान गरम झाले. पण त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं, तसं त्या बोलल्या. मग त्यांनी माझ्या बशीतलं मूळ चिमट्यानं उचललं आणि विचारलं, “तू कोनतं टोक घेस?”

मी दाखवलं. औषधातून काढलेलं मूळ म्हणजे पांढऱ्या दोऱ्याचा इंचभर तुकडा. एक टोक सरळ कापलेलं, स्वच्छ. दुसरं बारीक, बोथट. मी कायम ते स्वच्छ टोक घ्यायचे. नीटनेटकं दिसायचं म्हणून.

अक्का इतक्या हसल्या की त्यांना स्टूल ओढून बसावं लागलं. “अवं माय! ते तर मी तोडेल टोक शे! तठे काय वाढी?”

वाढ मुळाच्या खऱ्या टोकाला होते, हे मी परीक्षेत दोनदा लिहिलं होतं. गुणही मिळाले होते.

त्यांनी रंगात टाकलेलं मूळ उजेडात धरलं. एका टोकाला रंग जास्त गडद चढला होता. तेवढंच, मोहरीपेक्षा लहान, कापायचं. पुढचे आठ-दहा दिवस मी तास संपल्यावर थांबत होते. दिव्यावर काच किती तापवायची, तर हाताच्या पाठीला लावून सोसेल इतकी. वर टिपकागद ठेवून अंगठ्यानं सरळ दाबायचं. “काच सरकाले नको. सरकनी की बठ्ठा काला.” माझ्या पंधरा-वीस काचपट्ट्यांचा काला झाला. अक्कांनी त्या धुऊन पुन्हा माझ्यापुढे ठेवल्या. आणि मग एकदा त्या भिंतीत मला एक पेशी दिसली, जिच्या मधोमध गडद धाग्यांची ओळ लागली होती. मी पुस्तक उघडलं नाही. बघत राहिले.

परीक्षेत मला तीन अवस्था सापडल्या. धागे दोन बाजूंना ओढले जातात ती एक काही केल्या मिळेना. मी तीनच चित्रं काढली. परीक्षक सर वाकून बघत राहिले, मग म्हणाले, “ॲनाफेज?”

“दिसली नाही, सर.”

“जर्नलमध्ये तर आहे.”

खोलीत बाकीच्या होत्या. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “ती पुस्तकातून काढली होती, सर. चारही. तेव्हा काहीच दिसलं नव्हतं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुन्हा डोळा लावला आणि काचपट्टी हळूहळू या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकवली. बराच वेळ. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “यात नाहीच.” काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

मी पास झाले. गुण फार नव्हते, पण माझे होते.

परीक्षेनंतर मी अक्कांना हे सांगायला गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उरलेल्या मुळांची बाटली माझ्यासमोर ठेवली. “इतला शेतस अजून. फेकी देऊ का दखशी?”

आम्ही बसलो. पाचव्या मुळात ती राहिलेली अवस्था सापडली. धाग्यांच्या दोन जुड्या, एकमेकींपासून दूर निघालेल्या. मी उठून जागा दिली, “अक्का, बघा ना.” इतक्या वर्षांत त्यांना डोळा लावायला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी पदर सावरला, एक डोळा मिटला आणि त्या वाकल्या.

“इतलुसं?” त्या म्हणाल्या. “यानाकरता मी इतला वरीस काचा धुई ऱ्हायनी?”

आणि पुन्हा वाकल्या.