डिस्कचा क्रम

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही — नवऱ्याजवळही नाही. आता सांगायला बसले, तर मध्येच उठून गॅस बंद आहे का ते बघून आले. होता बंद.

वसमतला हळदीच्या एका खाजगी गोदामात मी कॉम्प्युटर सांभाळते. वजन, बोली, पावत्या — सगळं एका जुन्या सर्व्हरवर. तो फक्त बाईंचंच ऐकतो, असं सगळे म्हणायचे. मला ते आवडायचं. कुणाला आवडणार नाही? मग मालकांनी शबानाला घेतलं. पोरगी चटपटीत, विचारून विचारून शिकणारी. थोड्याच दिवसांत मालक म्हणाले, "बाई, सर्व्हर आता हिच्याकडं. तुमी पावत्या बघा."

यंत्र सुरू होताना आधी कुठली डिस्क वाचायची, हे त्याच्या बायोसमध्ये ठरवलेलं असतं. त्याचा पासवर्ड मी तिला दिला नव्हता. भाचीच्या साखरपुड्याला औंढ्याला निघण्याआधी, जेवणाच्या सुट्टीत, मी — नीटच सांगते — सगळा हिशेब असलेली खरी डिस्क त्या यादीतून काढली आणि दुसरी, रिकामी डिस्क पहिली लावली. मग तेवढ्या वेळेपुरती खरी डिस्क हाताने निवडून सर्व्हर चालू केला. आता तो बंद पडेपर्यंत कुणाला काही कळणार नव्हतं. आणि आमच्याकडे लाईट जायला कितीसा वेळ लागतो? यूपीएस तर नावालाच.

दुसऱ्या दिवशी ऐन बोलीत लाईट गेली. परत आली — सर्व्हर उठेना. मालकांचा फोन आला तेव्हा मी पंगतीत बसत होते. त्यांच्या मागे शेतकऱ्यांचा गलका — "मशीन झोपली काय रे? पाणी मारा तोंडावर!" मालक फोन कानाला लावूनच शबानावर ओरडत होते, "काय करून राहिलीस तू त्याला?" आणि तिचा आवाज, "मी हातबी न्हाई लावला, मालक. बराबर चालू होतं."

"येते," म्हणाले मी. आणि आधी जेवून घेतलं.

पोचल्यावर सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, क्रम पूर्वीसारखा केला. बाहेर टाळ्या पडल्या. शबाना दारातच उभी होती. "बाई, तुमी होत्या म्हून निभलं." मी काय म्हणाले असेन? "होतं असं. शिकशील."

महिनाअखेरीस तिला काढलं. मी घाबरले होते का? नाही. हलकं वाटलं होतं.

पुढे हिंगोलीहून एका दुकानदाराचा फोन आला — शबाना नोकरी मागते आहे, कशी आहे पोरगी? तेव्हा तरी सांगता आलं असतं.

"प्रामाणिक आहे," मी म्हणाले. "फक्त कॉम्प्युटर तिच्याकडे देऊ नका."