कमरेवरची खळगी

बाळाची वार गर्भाशयात खाली असल्यामुळे माझं सिझर होणार हे सातव्या महिन्यातच जवळपास ठरलं होतं. म्हणून परळच्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर बाई माझी पाठ तपासायला आल्या. मणक्यांवरून बोट फिरवताना त्या कमरेपाशी थांबल्या. तिथे जन्मापासून एक खळगी आहे, भोवती काळी लव. आई तिला नशिबाची खूण म्हणायची. तरी माझे सगळे ब्लाउज तिने ती झाकेल असेच शिवून घेतले, आणि दादरला पोहायला कधी पाठवलं नाही.

डॉक्टरांनी पायांना मुंग्या येतात का, लघवीवर ताबा राहतो का, असं बरंच विचारलं आणि एमआरआय करायला लावला. त्या नळीत पोटातलं बाळ लाथा मारत होतं आणि मला हलायची मनाई होती.

रिपोर्ट आला. एक मणका मागच्या बाजूने पूर्ण मिटलेला नव्हता. आतला मज्जारज्जू ठीक होता. पुष्कळांना असं असतं, जन्मभर कळतही नाही, असं त्या म्हणाल्या.

"आणि बाळाला?" मी विचारलं.

"सोनोग्राफीत पाठ चांगली दिसतेय. पण इतकी बारीक फट त्यात दिसेलच असं नाही."

संध्याकाळी लालबागला आईकडे गेले. ती वाल सोलत होती. सगळं ऐकून तिने हातातले वाल खाली ठेवले.

"तुझ्या वेळी ग्रहणात मी अळू चिरलं होतं," ती म्हणाली.

हे पहिल्या महिन्यातच घडतं, दिवस गेल्याचं कळायच्याही आधी, असं मी तिला समजावलं. तिने मान डोलावली. मग हळूच विचारलं, मागच्या ग्रहणात मी काय करत होते. मी चिडले. ऑफिसात होते म्हणाले. पण तेव्हा टेबलावर सफरचंद कापून खाल्लं होतं, ते आठवलं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

सिझरच्या वेळी भुलीचं इंजेक्शन पाठीत त्या खळगीच्या जरा वर दिलं, ते नीट लागलं. मुलगी झाली. नर्सने तिला जवळ आणल्यावर मी आधी पालथी करायला सांगितलं. पाठ गुळगुळीत होती.

ती आता तीन वर्षांची आहे. परवा बसून बसून पायाला मुंग्या आल्या म्हणून रडली आणि लगेच खेळायला पळाली. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिला डॉक्टरांकडे नेलं.