रिकाम्या डबीचं मोजमाप

दोन वर्षं मी शेवगावात, आईच्या घरी, माडीवरच्या खोलीत लॅपटॉपपुढे अडकून पडले होते. परदेशातली फेलोशिप संपली, व्हिसाही संपला. प्रयोगात मोजलेले आकडे तेवढे सोबत आले. सोमवारी आमचा शोधनिबंध पाठवायचा, तो गेला की तिथली नोकरी पक्की, असं तिथल्या माझ्या सरांनी कळवलं होतं. मी बॅग भरून बसले होते. शेंगदाण्याची चटणीसुद्धा आत गेली होती.

काम काय, तर अणूच्या गाभ्याचा आकार शोधायचा. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा दोनशेपट जड भाऊ. तो अणूत अडकला की उतरत उतरत गाभ्याच्या अंगाला जाऊन पोचतो, आणि उतरताना क्ष-किरण सोडतो. गाभा लांबट असेल तर त्या किरणांच्या आलेखात मोठ्या शिखराला लागून छोटं शिखर उठतं. मला ते दिसलं होतं.

आई म्हणायची, "गोल असू दे न्हाईतर लांबट, तुला काय त्याच्याशी सोयरीक करायची हाय का?"

शनिवारी आम्ही तेलाच्या घाण्यावर गेलो. तिथं आधी रिकामा डबा काट्यावर ठेवतात, मग भरतात आणि डब्याचं वजन वजा करतात. मी वजनाला एक डबा दिला आणि भरायला दुसराच. आई कडाडली, "अगं बये, ध्यान कुठं हाय तुझं? वजन त्या डब्याचं नि त्याल ह्या डब्यात?"

मला एकदम आमच्या प्रयोगातली डबी आठवली. प्रयोगातही नमुना एका डबीत ठेवतात. काही म्युऑन त्या डबीतच अडकतात, म्हणून रिकामी डबी वेगळी मोजून तिचे किरण वजा करायचे. आमची डबी मध्येच बदलली होती. मी वजा केली होती ती जुनी.

घरी येऊन नवी डबी वजा केली. छोटं शिखर गायब! ते त्या डबीचंच होतं. गाभा चांगला गोल निघाला मेला. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? तासभर मनात नाही नाही ते आलं. मग सरांना खरं ते लिहिलं. उत्तर लगेच आलं: सांगितलंस ते बरं केलंस, पण यंदाची जागा आता दुसऱ्याला जाईल.

खाली जाऊन आईला सांगितलं.

"म्हंजी जात न्हाईस?"

"नाही."

तिनं वाईट वाटल्यासारखं तोंड करायचा प्रयत्न केला, पण तिला ते जमेना. बॅगेतली चटणी काढून तिनं पुन्हा बरणीत भरली आणि गुणगुणत भाकरी थापायला बसली. आईचा एवढा राग मला जन्मात कधी आला नव्हता.