आल्या वाटेनं माघारी

भाऊसाहेब कामावरून घरी यायचा, गाडी दारात लावायचा आणि डोक्यावरचं हेल्मेटही न काढता आल्या वाटेनं माघारी जायचा. दौंडला आमच्या शेजारी नवा राहायला आला तेव्हा मला वाटलं, विसरभोळा दिसतोय बिचारा. एकदा विचारलंच, "काय रे, डबा राहिला का कंपनीत?"

"डबा न्हाई ओ चाची. मघाशी चाकाखाली कायतरी आलं. दगडच असंल. पण माणूस असला तर?"

चाकाखाली माणूस आलेला कळत नाही का, असं तुम्ही म्हणाल. त्यालाही ते कळत होतं बरं का! "मला बी पटतंय," म्हणायचा, "पण डोकं ऐकत न्हाई." मूळचा शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचा, कुरकुंभच्या केमिकल कंपनीत ऑपरेटर. शब्दानंही कुणाला न दुखवणारा. रस्त्यावर कुणी पडलेलं नाही हे बघून परत यायचा, जेवायला बसायचा आणि पहिल्याच घासाला बायकोला, मंगलला, विचारायचा, "कुणाला लागलं नसंल ना गं?" ती म्हणायची, "न्हाई ओ, जेवा." दुसऱ्या घासाला पुन्हा तेच. भाकरी ताटात वाळून जायची.

मग एके दिवशी शिफ्ट सुटल्यावर कंपनीतल्या दोस्तांनी त्याला ढाब्यावर नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल माझ्याकडे धावत आली. "चाची, काल ते माघारी गेलेच न्हाईत! थोडी घेतली व्हती, पण काय निवांत जेवले म्हणून सांगू!" मी म्हटलं, "जपून गं बाई." पण तिच्या तोंडावर इतका उजेड होता की पुढं बोलवेना. दुसऱ्यांच्या बायका बाटल्या फोडतात. ही नवऱ्यासाठी शेंगदाणे भाजून ठेवायला लागली. तिच्या लेखी ते औषधच होतं.

फसगत झाली ती इथंच. पिऊन आलेल्याला वाट कुठली आठवायला? सकाळी उठला की पांढराफटक चेहरा करून आमच्या उंबऱ्यावर बसायचा. "चाची, कालचा रस्ताच आठवत न्हाई मला. मंग मी कुणाला उडवलं न्हाई, कशावरून?" पूर्वी शंका एका खड्ड्याची असायची, आता अख्ख्या रस्त्याची झाली. आणि पिऊन गाडी चालवणाऱ्याची शंका अगदीच खोटी तरी कशी म्हणायची? हात थरथरायचे, छाती धडधडायची. ते थांबावं म्हणून संध्याकाळी आणखी घ्यायचा. एकदा तर पोलीस ठाण्यात विचारून आला. तिथला हवालदार म्हणाला म्हणे, "मेलेला कुणी न्हाई आन् मारणारा दारात! जा बाबा, झोप घरी." गल्ली पोट धरून हसली. मंगल तेवढी रडली.

शेवटी ती त्याला मनाच्या आजारांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. सोबत मीही होते. बाईंनी शांतपणे समजावलं, "हा मंत्रचळ आहे, एकच शंका पुन्हा पुन्हा येण्याचा आजार. बरा होण्यासारखा आहे. दारूनं तो झोपतो, जात नाही. सकाळी दुप्पट भुकेनं उठतो. गोळ्या आणि दारू एकत्र चालणार नाही. आणि हो, 'कुणाला लागलं का' असं यांनी विचारलं तर उत्तर देऊ नका. उत्तर म्हणजेही एक घोटच."

दारू सुटली. गाडी सोडून तो कंपनीच्या बसनं जायला लागला. पुढं गोळ्यांनी जरा आराम पडल्यावर बाईंनीच त्याला पुन्हा गाडी चालवायला सांगितलं. त्या संध्याकाळी दारात उभा होता, घामानं भिजलेला, भिंतीला हात टेकून. "चाची, डोकं म्हणतंय, जा, बघून ये. पण न्हाई गेलो. बघा, न्हाई गेलो!" मंगलनं त्या दिवशी शिरा केला आणि सगळ्या गल्लीला वाटला.

आणि मग गावाकडं चुलतभावाची हळद निघाली. चुलते म्हणाले, "गोळ्या कसल्या चघळतोस बायकांवानी? घे मर्दासारखी!" त्यानं घेतली. आता त्याचा सरळपणा बघा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ना, दोन्ही एकत्र चालणार नाही? ती आज्ञा त्यानं तंतोतंत पाळली. प्यायला म्हणून त्या दिवशी गोळी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी शंका उसळली, म्हणून पुन्हा प्यायला. प्यायला म्हणून पुन्हा गोळी नाही. मी रागावले तर म्हणतो कसा, "चाची, बाईंचा शब्द मोडला न्हाई मी. दोन्ही एकदम कवाच घेत न्हाई."

पुढं दारूचा वास येतो म्हणून कंपनीच्या गेटवरून माघारी पाठवला, नोकरी गेली. मंगलनं पुष्कळदा बाईंकडं चला म्हणून हात धरून ओढलं, तो उठला नाही. डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा त्यानं मला ते नेहमीचं काही विचारलं नाही. "बसा चाची," एवढंच म्हणाला आणि भिंतीकडं तोंड केलं. तेव्हाच मी समजले. दोन दिवसांत गेला.

आता मंगल दुपारची माझ्याकडे येते. इकडचं तिकडचं बोलते आणि हळूच विचारते, "चाची, मीच पाजली का ओ त्यांना?"

बाईंनी उत्तर द्यायला मना केलं होतं ते आजाराला. हिचं तर माणूस गेलंय. मी तिला म्हणते, "नाही गं पोरी. त्याच्या पोटात चार घास सुखाचे जावेत म्हणून तू धडपडलीस." ती डोळे पुसते आणि जाते. दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच विचारते. विचारू दे. मी आहे तोवर सांगत राहीन.